पारायण संपल्यावर उत्तर देईन

तुळजापूर
१४ जून १९५८

पत्राच्या माथ्यावर सवयीनं 'श्री' लिहिला आणि हात थांबला. तुम्हाला आता हे चालतं की नाही, कोण जाणे. पण पत्र मी लिहितेय, तेव्हा राहू दे. पुढचा मायना मात्र काही केल्या सुचेना, म्हणून तो गाळला आहे.

पार्सल पोचलं. पोस्टमननं ते ओट्यावर ठेवलं आणि "मिरजेहून आलंय बाई, लई जड हाये," हे इतक्या मोठ्यानं सांगितलं की समोरच्या जगदेवीकाकू भांडी घासायच्या थांबल्या. आत नेऊन उघडलं. काळ्या पुठ्ठ्याचं, हजाराच्या वर पानांचं तुमचं बायबल. दिवाळीत तुमचा बाप्तिस्मा झाल्याचं कळलं तेव्हापासून मी मनातल्या मनात हिला सवत म्हणते. सवत एवढी जाडजूड निघेल असं मात्र वाटलं नव्हतं.

आत तुमची चिठ्ठी. सुरुवातीपासून वाचू नकोस, कंटाळशील. आधी येशूचं चरित्र वाच. मधली नियमांची आणि वंशावळींची पुस्तकं सोडून दे. आणि खाली नेहमीचं, मिशनच्या शाळेजवळ दोन खोल्या मिळाल्या आहेत, ये.

अहो, पुराणिकांच्या घरात जन्मलात तुम्ही. पोथी कधी मधून उघडतात का? तुमचे वडील देवळात पुराण सांगायचे तेव्हा कुणी म्हटलं असतं, 'बुवा, कंटाळवाणं तेवढं सोडा,' तर त्यांनी त्याला पायऱ्या दाखवल्या असत्या. मिशनच्या दवाखान्यात तुमची छाती बरी झाली हे खरं, पण तिथं रीतभात विसरून आलात.

दुसरं सांगायचं म्हणजे अण्णा येऊन गेला. धाराशिवच्या कोर्टात कारकून झाल्यापासून माझा भाऊ कायद्याशिवाय बोलतच नाही. नवरा धर्म सोडून गेला तर नव्या कायद्यानं बायकोला काडीमोड मागता येतो म्हणे. अर्ज लिहूनच आणला होता. "सही कर, दुसरं काही बोलू नको," म्हणाला. तुम्ही म्हणता ये, तो म्हणतो सोड. दोघांनाही भारी घाई.

मी अण्णाला जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. ज्या पुस्तकासाठी तुम्ही घर सोडलंत ते मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणार. पारायण करतात तसं. रोज दुपारी, एकाच जागी, अंघोळ करून, मोठ्यानं, एक ओळ न गाळता. ते पुरं होईपर्यंत गाव सोडायचं नाही आणि कुठल्या कागदावर सही करायची नाही. मग दोघांनाही उत्तर देईन. मला बघायचंय, माझ्यात नव्हतं असं त्यात तुम्हाला काय सापडलं.

माईंची प्रकृती बरी आहे. डाव्या डोळ्यानं आता अजिबात दिसत नाही. लेकाचं नाव घरात काढायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद आहे, तुमचं तोंड बघणार नाही अशी शपथही स्वतःला घातलीय, आणि पोस्टमन आला की आधी मान त्यांचीच वळते.

शामला

&nbsp;

तुळजापूर
९ ऑगस्ट १९५८

तुमचं पत्र मिळालं. पारायणाचं वाचून तुम्ही हसलात, असं लिहिलंय. हसा. तुम्हाला हसवलं एवढं तरी पुण्य पदरी पडलं.

इकडं एक भानगड झाली आहे. माजघरात चौरंगावर पुस्तक ठेवून मी वाचायला बसले, तर तिसऱ्या की चौथ्या दिवशी माई वातीचा कापूस घेऊन शेजारी येऊन बसल्या. मी वाचतच राहिले. परमेश्वर असं म्हणाला, परमेश्वर तसं म्हणाला. त्यांनी कापूस खाली ठेवून हात जोडले. वाचन संपल्यावर विचारलं, "कुठली पोथी गं ही? नावं उत्तरेकडली वाटायलीत."

मी म्हटलं, "ह्यांनी पाठवलीय."

पुढं बोलायला तोंड उघडलं होतं. पण त्यांचा चेहरा बघितला आणि ही कुठली पोथी ते सांगवेना. तुम्ही गेल्यापासून मी तो चेहरा असा उजळलेला पाहिला नव्हता. "बाबूनं पोथी धाडली?" म्हणाल्या. दोनदा विचारलं. मग उठल्या, चौरंगावरच्या पुस्तकाला चाचपडत हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाल्या, "आता येतोय बघ तो. ज्याला पोथीची आठवण झाली त्याला घराची होणारच."

काय बोलणार होते मी? तुम्ही असता तर काय बोलला असता?

तेव्हापासून रोज दुपारी आम्ही दोघी बसतो. तुम्ही गाळायला सांगितलेली नावांची पुस्तकं माईंना सगळ्यात आवडतात. अमक्याला तमका झाला, त्याला ढमका झाला. आपल्याकडं यात्रेकरूंच्या पिढ्या तोंडपाठ सांगणारी माणसं त्यांनी जन्मभर ऐकलेली, त्यामुळं त्या रंगून जातात. मी एकदा कंटाळून चार नावं गिळली तर लगेच, "थांब. कुणाचं नाव खाल्लंस? ज्याचं खाशील त्याचा तळतळाट लागंल." त्यांची तक्रार एकच. "बापाचं नाव सांगितलं. आईचं?" मी म्हणते, दिलेलं नाही. त्या म्हणतात, "मग लिहिणारा बाप्याच असणार."

भावांनी विहिरीत टाकलेल्या त्या मुलाची गोष्ट आली तेव्हा आम्ही दोघी रडलो. त्याचा रक्तानं माखलेला अंगरखा बघून म्हातारा बाप समजून चालतो की पोरगा गेला. माई म्हणाल्या, "अंगरखा बघितला, पोरगं कुठं बघितलं? शोधायला का न्हाय गेला?" त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

नियमांचं पुस्तक वाचताना मात्र मला फार मजा आली. काय शिवावं, काय शिवू नये, कुठलं भांडं फोडावं, कुठलं धुवावं. माई मान डोलावतात. बायकांच्या अडचणीच्या दिवसांचं आलं तेव्हा मी आवाज खाली केला. तुमच्या पोथीत सात दिवस बाजूला बसायला सांगितलंय. आमच्याकडं चारच. कर्मठ कोण, ते तुम्हीच ठरवा. मी आपली महिन्याचे चार दिवस वाचन बंद ठेवते, आणि माई ते चार दिवस अगदी चिडचिड्या होतात.

शामला

&nbsp;

तुळजापूर
२ ऑक्टोबर १९५८

तुमच्या पत्रात 'देव तुला हाताला धरून नेतो आहे' असं वाचलं आणि नाकाला मिरच्या झोंबल्या. मला कुणी हाताला धरलेलं नाही. मीच माईंना हाताला धरून परसात नेते आणि परत आणते. तुम्ही तीन पानं लिहिता, त्यात मी कुठल्या अध्यायापर्यंत आले याची चौकशी दोनदा करता. दुपारचं ऊन माजघरात येतं का, वाचून घसा बसतो का, रात्री घरात मला भीती वाटते का, हे एकदाही नाही.

रागावून लिहिलंय. खोडत नाही.

परवा त्या दोन विधवा सुनांची गोष्ट आली. सासू परक्या मुलुखात, मुलगे मेलेले. ती सुनांना म्हणते, जा बायांनो आपल्या माहेरी. एक रडून परत जाते. दुसरी, रूथ, सासूचा पदर सोडत नाही. तुझे लोक ते माझे, तुझा देव तो माझा, म्हणते. वाचताना माझा आवाज कापायला लागला. मला वाटलं, माई आता माझ्या पाठीवरून हात फिरवतील. खरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

तर माई म्हणाल्या, "ती दुसरी कुठं गेली?"

"माहेरी."

"पुढं काय झालं तिचं?"

"पुढं नाहीच तिचं काही. ही पोथी रूथची."

माईंनी हातातली वात वळून ठेवली. मग म्हणाल्या, "तिचंबी बरोबरच होतं की. सासूनंच जा म्हटलं. सांगितलेलं ऐकलं, तर पोथीतून बाहेर." मग एकदम माझ्याकडं वळून, "शामे, तू माझ्यासाठी बसली असशील तर बसू नको. बाबू आला न्हाय तर तू जा. अण्णाकडं जा, न्हायतर कुठंबी जा. मी तुला मनातनं काढणार न्हाय."

बाबू आला नाही तर. म्हणजे त्या अजून वाट बघतायत. आणि ती वाट मीच त्यांना दाखवली आहे. रोज दुपारी मी तुमच्या पोथीतलं एकेक पान उलटते आणि त्या समजतात, तुम्ही तितके जवळ आलात.

एक विचारायचं होतं. त्या दवाखान्यात तुम्ही वर्षभर पडून होता. तिथं हे पुस्तक तुमच्या हाती कुणी दिलं? नर्सबाई होती का कुणी? सरळ सांगा. मला राग येणार नाही, आला तर मी बघून घेईन.

शामला

&nbsp;

तुळजापूर
२० नोव्हेंबर १९५८

भाऊबिजेला अण्णा आला होता. मी आत ओवाळणीचं ताट करत होते. माई त्याला कौतुकानं सांगायला लागल्या की बाबूनं पोथी धाडली आहे, रोज वाचन होतं, आता तो परत येणार. अण्णानं चौरंगावरचं पुस्तक उचललं, पहिलं पान बघितलं आणि हसला. अण्णा वाईट नाही हो, पण त्याला हसू कुठं आवरावं ते कळत नाही.

"माई, ही पाद्र्यांची पोथी हाय. ह्याच्यापायी तर तो बाटला."

माईंनी पुस्तकाकडं बघितलंही नाही. मला म्हणाल्या, "म्हंजे तो परत येत न्हाय."

एवढंच. त्यानंतर विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, तेही संध्याकाळच्या थंडीत, आणि आल्या त्या तशाच कोपऱ्यात बसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मागच्या पडवीत वेगळी चूल मांडली आहे. माझ्या हातचं खात नाहीत. नीट दिसत नाही तरी स्वतः भाकरी थापतात. परवा बोटं भाजून घेतली, मी तेल लावायला गेले तर हात मागं घेतला. आता एका घरात दोन बायका आणि दोन चुली, आणि बोलायला भिंती.

अण्णाचा अर्ज इथंच आहे. कोनाड्यात ठेवलाय. "आता तरी सही कर," म्हणाला. मी म्हटलं, पारायण अर्ध्यावर आहे. तो म्हणाला, "तुला येड लागलंय." लागलंही असेल.

तुमचं उत्तर मिळालं. नर्सबाई नव्हती तर. शेजारच्या खाटेवरचा कल्याणप्पा नावाचा म्हातारा, अक्कलकोटकडचा विणकर, दिवे लागले की तुम्हाला रोज वाचून दाखवायचा. त्याला खोकल्याची उबळ आली की थांबायचा आणि मग तिथूनच पुढं. तो गेला, त्यानंतर तुम्ही ते पुस्तक हातात घेतलंत.

मी हे पुनःपुन्हा वाचलं. इतके महिने मी त्या पानांमध्ये शोधत होते, तुम्हाला काय सापडलं म्हणून. ते पानांत नव्हतंच. घरचं कुणी तिथं फिरकलं नाही. लागण होईल म्हणून मलाही कुणी येऊ दिलं नाही. अशा वेळी एक माणूस शेजारी बसून तुमच्यासाठी वाचत होता. तुम्हाला पुस्तक नाही, सोबत मिळाली. हे मला कसं कळलं सांगू? मलाही तशी सोबत मिळाली होती. जूनपासून दिवाळीपर्यंत.

सध्या स्तोत्रं चालली आहेत. कुणीतरी एकटा माणूस अंधारात देवाला हाका मारतोय, तू कुठं आहेस, किती दिवस तोंड फिरवून बसणार. रिकाम्या माजघरात हे मोठ्यानं वाचताना माझाच आवाज मला परका वाटतो. तरी मोठ्यानंच वाचते.

शामला

&nbsp;

तुळजापूर
१८ फेब्रुवारी १९५९

जुना भाग संपला. तुम्ही आधी वाच म्हणत होता ते आता चाललंय. तुमचा येशू मला आवडला, हे कबूल करते. बायकांशी नीट बोलतो. विहिरीवर बसून एका परक्या बाईकडं पाणी मागतो, आणि तिला बोलूही देतो. त्याचे शिष्य मात्र आपल्या गावातल्या पंचांसारखे, मोठं कोण यावरून भांडणारे.

माईंची चूल अजून वेगळीच. पण एक सांगते. संक्रांतीनंतर माझ्या लक्षात आलं की मी वाचायला बसले की पडवीतला फुंकणीचा आवाज थांबतो. मी मुद्दाम आवाज चढवला.

परवा त्या दोन मुलांच्या बापाची गोष्ट आली. धाकटा आपला हिस्सा घेऊन जातो, उधळतो, डुकरं राखतो आणि शेवटी घरी परततो. बाप लांबूनच त्याला बघतो आणि पळत सुटतो. मी इथवर वाचलं आणि दारात सावली पडली. उंबऱ्याच्या बाहेर, माजघरात पाय न ठेवता, माई उभ्या होत्या.

"बाप पळत गेला," म्हणाल्या. "आन् आई कुठं व्हती?"

मी खाली पानावर बघितलं. वर बघितलं. "आई नाही या गोष्टीत."

"नसंल कशी? पोरगं काय झाडाला लागलं व्हतं?" त्यांचा आवाज चिरकला. "असंल आत चुलीपाशी. तिला कुणी सांगितलंच नसंल पोरगं आलंय म्हणून. न्हायतर तिला कुणीतरी शपथ घातली असंल, त्याचं तोंड बघू नको म्हणून."

"माई, शपथ तुम्हीच घातली होती. स्वतःला."

त्या उंबऱ्यावर बसल्या. आत नाहीत, बाहेर नाहीत. लहान मुलासारख्या रडल्या. मी पुस्तक मिटलं नाही, तशीच उठून जवळ गेले आणि या खेपेला त्यांनी हात मागं घेतला नाही. डोळे पुसून म्हणाल्या, "शामे, मला त्याला बघायचंय गं. ह्या एका डोळ्यानं दिसतंय तवर. तो बाटू दे न्हायतर काहीबी होऊ दे."

त्या रात्री त्या माझ्या हातचं जेवल्या. वरणभात. मीठ कमी झालं होतं, तेही बोलून दाखवलं.

शामला

&nbsp;

तुळजापूर
५ एप्रिल १९५९

पारायण काल पुरं झालं. शेवटचं पुस्तक नीट कळलं नाही. श्वापदं, शिक्के आणि कर्णे. माईंनी मध्येच विचारलं, "आता कोण कुणाला मारायलंय?" मी म्हटलं, माहीत नाही. रीतीप्रमाणं शेवटी सवाष्ण जेवू घातली, जगदेवीकाकू. कशाचं पारायण ते त्यांना सांगूनच बोलावलं. त्या म्हणाल्या, "पुरण केलंय न्हवं? मग काय हरकत हाय," आणि आल्या.

आता उत्तर.

अण्णाचा अर्ज मी त्याला परत धाडला, सही न करता. तुमचं पुस्तक वाचून मला तुमचा राग धरता येईना, आणि राग नसताना कोर्टात उभं राहून काय सांगू? पण म्हणून मी मिरजेलाही येत नाही. का, ते ऐका.

पुस्तकाविषयी माझी तक्रार नाही. सवत म्हणत होते, ती निघाली एक म्हातारी बाई, खूप बघितलेली, खूप बोलणारी, कधी अगदी आपल्यासारखी. तिच्याबरोबर मला राहता येईल. तुमचा देव मला परका वाटत नाही. तुम्ही वाटता. एवढं सगळं वाचूनही तुम्ही मला कळला नाहीत. वर्षभर मी दुपारी काय करते ते लिहीत राहिले आणि तुम्ही मला अध्याय विचारत राहिलात.

त्या पोथीत हरवलेलं मेंढरू शोधायला धनी स्वतः रानात जातो. बाप स्वतः पळत जातो. ज्याला कुणी हवं आहे, तो उठून निघतो. हे मी तुम्हाला सांगावं लागतं, ही गंमतच म्हणायची. तुमच्या प्रत्येक पत्रात मला बोलावणं आहे. दोन खोल्या आहेत, नळ आहे, शेजार चांगला आहे. मी येऊन तुम्हाला भेटतो, असं एकदाही नाही.

माईंना तुम्हाला बघायचंय. त्यांना एकटीला एसटीत बसवून देता येत नाही, कुर्डुवाडीला गाडी बदलणं त्यांच्यानं होणार नाही, आणि मी त्यांना पोचवायला येणार नाही. तुम्ही इकडं या. आईला भेटा. तिला न्यायचं असेल तर तिला विचारा, मला न्यायचं असेल तर मला विचारा, तोंडावर, इथं या घरात बसून. मी नाहीही म्हणेन. त्या भीतीसकट या.

रात्रीच्या गाडीनं, डोक्यावर टोपी ओढून येऊ नका. सकाळच्या गाडीनं या. स्टँडपासून आपल्या दारापर्यंत ओळखीचे सगळे ओट्यावर बसलेले असतील, बघतील, मागून बोलतील. बोलू देत. दीड वर्ष मी त्याच रस्त्यानं पाणी आणते आहे.

शामला